प्रेशर उतरतंय, पाणी मात्र कुठे दिसत नाही!

वाचकांचे प्रश्न : घर आणि दुरुस्ती

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे गेली की इकडे ब्रिटनमध्ये घराघरांत हीटिंग सुरू होतं आणि माझ्याकडे एकाच विषयावरच्या मेल यायला लागतात, बॉयलरमधून पाणी गळतंय. या वेळी इतके प्रश्न आलेत की अख्खा कॉलम त्यालाच देतोय. आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नको. हल्लीच्या कंडेन्सिंग कॉम्बी बॉयलरमध्ये, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही एकाच यंत्रात गरम करणाऱ्या बॉयलरमध्ये, तीन प्रकारचं पाणी असतं. एक रेडिएटरचं, जे बंद सर्किटमध्ये फिरतं आणि ज्याचं प्रेशर समोरच्या काट्यावर ‘बार’ या मापात दिसतं. दुसरं मेन्सचं, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या मुख्य लाइनचं, जे आत गरम होऊन नळाला जातं. तिसरं कंडेन्सेट, म्हणजे गॅस जळताना जी वाफ तयार होते ती थंड होऊन झालेलं पाणी. गळतंय ते यातलं कुठलं, एवढं आधी ठरवा. काटा खाली येतोय तर रेडिएटरचं, काटा जागचा हलत नाही आणि तरी थेंब पडतायत तर उरलेल्या दोनांपैकी एक. एवढं फोनवर नीट सांगितलंत तरी येणाऱ्या इंजिनिअरचा अर्धा तास वाचतो, आणि तो अर्धा तास तुमच्याच खिशातून जात असतो.

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं घर १९८० च्या आसपासचं आहे, खालच्या मजल्याला काँक्रीटची जमीन आणि त्यावर कार्पेट. गेले दोन महिने प्रेशर दीडवर आणून ठेवलं की तीन-चार दिवसांत अर्ध्यावर येतं आणि बॉयलर एरर दाखवून बंद पडतो, मग मी ती जाळीवाली नळी उघडून परत भरतो. बॉयलरखाली कोरडं, रेडिएटरखाली कोरडं, छताला डाग नाही. एकाने येऊन लीक बंद करायचं लिक्विड टाकून दिलं, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. पाणी जातंय तरी कुठे?
— एक वाचक, स्लाउ

उत्तर : सगळ्यात आधी ते सारखं भरणं कमी करा. प्रत्येक वेळी ताजं पाणी आत गेलं की त्याच्याबरोबर ऑक्सिजन जातो, रेडिएटर आतून गंजतात, तो काळा गाळ होतो, आणि गंज रोखायला जे इनहिबिटर टाकलेलं असतं ते पातळ होत जातं, म्हणजे आज एक लीक आहे ते दोन वर्षांनी चार होतात.

आता शोधायचं कसं. तुमच्या बाबतीत काटा पडतोय म्हणजे पाणी रेडिएटरच्या सर्किटचंच आहे, आणि न दिसता जायला त्याला मोजक्याच वाटा आहेत. पहिली वाट घराबाहेर. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप बाहेर येऊन परत भिंतीकडे वळलेला दिसेल. तो सेफ्टी वॉल्व्हचा, आतलं प्रेशर ३ बारला गेलं की तो तिथून पाणी सोडून देतो. त्याच्या तोंडाला फ्रीजर बॅगसारखी पातळ पिशवी रबरबँडने सैलसर लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पिशवीत पाणी असेल तर पुढचं काही वाचू नका, खाली लेस्टरच्या ताईंचा प्रश्न आहे तिकडे जा. बघून झालं की पिशवी काढायची, विसरायची नाही.

दुसरी वाट सगळ्यात फसवी, कारण पाणी आपल्या डोळ्यांसमोरूनच गटारात जातं. बॉयलरचा मुख्य हीट एक्स्चेंजर, जिथे ज्वाळा आणि पाणी यांच्यामध्ये फक्त धातूची पातळ भिंत असते, त्याला बारीक भोक किंवा चीर पडली की रेडिएटरचं पाणी आतल्या आत कंडेन्सेटच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे ते जमा होतं त्या तळाच्या छोट्या भांड्यात, उतरतं आणि तिथून प्लास्टिकच्या पाइपने बाहेर. बॉयलर चालू असताना तो पाइप ठिबकणारच, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. म्हणून रात्री हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बंद करून बॉयलर पूर्ण थंड होऊ द्या आणि मग त्या पाइपच्या तोंडाखाली एखादा डबा ठेवा. जळणच बंद आहे म्हटल्यावर नवीन कंडेन्सेट येणार कुठून? सकाळी डब्यात पाणी सापडलं तर हीट एक्स्चेंजर गेलाय असं धरून चाला. पाइपचं तोंड हाताला येत नसेल, सिंकच्या वेस्टला, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपाला, जोडलेलं असेल, तर हीच टेस्ट इंजिनिअरला जोड सोडून करायला सांगा.

दोन्ही कोरडं निघालं की बॉयलर दोषी का घर दोषी हे एका टेस्टमध्ये कळतं. बॉयलरच्या खाली रेडिएटरला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या पाइपांवर दोन वॉल्व्ह असतात, स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा दिला की बंद होतात. कुठले दोन ते मॅन्युअलमधल्या चित्रात बघा, अंदाजाने फिरवू नका, आणि गॅसच्या कॉकला तर हातच लावायचा नाही. बॉयलर थंड असताना प्रेशर दीडला आणायचं, हे दोन्ही बंद करायचे, बॉयलर स्विचवरून बंद आणि रात्रभर तसाच. काटा मधल्या वेळात पडला तर लीक बॉयलरच्या आत. काटा दीडवरच राहिला आणि सकाळी वॉल्व्ह उघडल्या उघडल्या धपकन खाली आला, तर बॉयलर निर्दोष, पाणी घरातल्या पाइपातून जातंय. जुने वॉल्व्ह फिरवले की कधी कधी त्यांच्याच दांडीतून ठिबकायला लागतात, म्हणून पंधरा-वीस वर्षांचं इन्स्टॉलेशन असेल तर हे काम इंजिनिअरकडूनच करून घेतलेलं बरं.

तुमच्या घराचं वर्णन वाचून माझा कल पाइपांकडे आहे. त्या काळातल्या बऱ्याच घरांत ८ आणि १० मिलिमीटरचे बारीक तांब्याचे पाइप सरळ काँक्रीटमध्ये पुरलेत, सिमेंट तांब्याला लागून राहिलं की वर्षानुवर्षं ते बाहेरून खाल्ले जातात, आणि एक सुईएवढं भोक पडलं की पाणी जमिनीत मुरत जातं, वर काही येत नाही. हीटिंग चालू करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्या खोल्यांतून अनवाणी फिरा. पाइप जातो तिथे जमीन अशीही थोडी कोमट लागतेच पण ती पट्टी असते, लीक असेल तिथे मोठा गरम चट्टा लागतो. थर्मल कॅमेरावाला बोलावलात तरी तो हेच बघणार, फक्त स्क्रीनवर. त्याला पैसे देण्याआधी घराच्या इन्शुरन्सचे कागद काढून ‘ट्रेस अँड अ‍ॅक्सेस’ कव्हर आहे का बघा, म्हणजे लीक शोधायला आणि त्यासाठी जमीन फोडायला येणारा खर्च. आणि एक ठिकाण फोडून सांधण्यापेक्षा त्या खोलीचे जुने पाइप तोडून वरून, छतातून, नवीन उतरवून घेणं मला जास्त पटतं, कारण एका जागी खाल्लेला पाइप दोन फुटांवर धडधाकट असेल याची खात्री कोण देणार.

लिक्विडचं म्हणाल तर पाइपाच्या जोडातून नुसता ओलावा झिरपत असेल तर ते चालतं कधी कधी, मी त्याला सरसकट नावं ठेवत नाही. पण लीक कुठे आहे ते न बघता पहिल्याच भेटीत बाटली ओतणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सेफ्टी वॉल्व्ह, फाटलेला डायफ्राम (खाली लेस्टरच्या उत्तरात येणारा रबराचा पडदा), चिरलेला हीट एक्स्चेंजर यांतलं काहीही त्याने बरं होत नाही.

प्रश्न : आमचं उलटं आहे. हीटिंग लावलं की काटा एकवरून चढत चढत तीनच्या लाल पट्ट्यात जातो, बाहेरच्या पाइपातून पिचकारी मारल्यासारखं पाणी येतं, आणि सकाळी बघावं तर काटा शून्याजवळ. ज्यांना बोलावलं ते म्हणाले बॉयलर जुना झाला, नवीनच टाका. बॉयलर आठ वर्षांचा आहे. खरंच टाकू का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की बॉयलर न बघता सांगतो, पहिला संशय एक्स्पान्शन व्हेसलवर. पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की साधारण दोन टक्क्यांनी फुगतं, म्हणजे घरातल्या सगळ्या रेडिएटर-पाइपांत मिळून १०० लिटर असेल तर दोन लिटर जास्तीचं पाणी होतं, आणि सर्किट तर बंद. त्या दोन लिटरना जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये एक डबा असतो, बहुतेक लाल किंवा करडा, त्यात मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. वर्षानुवर्षं हवा हळूहळू निघून जाते. मग गरम झालेल्या पाण्याला जागाच उरत नाही, प्रेशर ३ बारला जातं, सेफ्टी वॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेर. रात्री उरलेलं पाणी थंड होऊन आकसतं म्हणून सकाळी शून्य. तुम्ही परत भरता, संध्याकाळी परत तेच.

हवेची बाजू तपासायला त्या डब्यावर गाडीच्या टायरला असतो तसाच वॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबली आणि हवा आली, किंवा काहीच आलं नाही, तर पडदा शाबूत असायची शक्यता आहे आणि पंपाने हवा भरून काम होऊ शकतं. पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदला. हवा भरताना बॉयलरच्या बाजूचं पाण्याचं प्रेशर शून्यावर आणून ड्रेन कॉक उघडा ठेवावा लागतो, हे न करता भरली तर गेजवर आकडा दिसतो पण तो पाण्याच्या प्रेशरचा असतो, हवेचा नाही, आणि आठवड्यात परत फोन येतो. किती भरायची ते मॅन्युअलमध्ये असतं, घरगुती बॉयलरला साधारण पाऊण ते एक बार. व्हेसल काही मॉडेलमध्ये अगदी मागे बसवलेला असतो आणि तो काढायला बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो, म्हणून लोक टाळतात. पण जुना तिथेच ठेवून रिटर्नच्या, म्हणजे रेडिएटरमधून परत येणाऱ्या, पाइपावर बाहेर वेगळा व्हेसल जोडता येतो, चांगला पर्याय आहे, त्यांना थेट विचारा हे का नाही करायचं. आणि सेफ्टी वॉल्व्ह त्याच दिवशी बदलून घ्या. एकदा उघडून गेलेल्या वॉल्व्हच्या सीटवर काळी कचकच अडकते आणि तो परत पूर्ण बसत नाही, मग व्हेसल नवा असूनही बाहेरचा पाइप थेंब थेंब गळत राहतो आणि तुम्हाला वाटतं काम फुकट गेलं.

अजून एक गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण बाकीच्यांना उपयोगी. हीटिंग बंद आहे, घर झोपलंय, आणि तरी काटा रात्रीत चढतो, असं असेल तर व्हेसलचा दोष नाही, मेन्सचं पाणी सर्किटमध्ये घुसतंय. एकतर ती भरायची नळी पूर्ण बंद होत नाहीये, ती काढून टोपण लावून बघा, तशीही भरून झाल्यावर ती काढून ठेवायचाच नियम आहे. नळी काढूनही चढत असेल तर नळाचं पाणी गरम करणारा प्लेट हीट एक्स्चेंजर आतून फुटलाय, मेन्सचं प्रेशर जास्त असतं म्हणून ते पाणी रेडिएटरच्या बाजूला ढकललं जातं. तो पार्ट आठ वर्षांच्या बॉयलरलाही बदलण्यासारखा असतो.

थोडक्यात ताई, नवीन बॉयलर नको, दुसरा माणूस बोलवा.

प्रश्न : दादा, आम्ही रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. किचनच्या कपाटात बॉयलर आहे, काटा कायम १.४ वर, पण हीटिंग जास्त वेळ चाललं की खाली थेंब पडतात. कपाटाचा तळ फुगलाय आणि खालच्या तांब्याच्या पाइपावर हिरवट थर चढलाय. एजंट म्हणतो कंडेन्सेशन आहे, वाडगा ठेवा. वाडगाच ठेवू का नुसता?
— एक वाचक

उत्तर : वाडगा ठेवा पण पुरावा म्हणून. काटा हलत नाही, थेंब फक्त बॉयलर जळताना, तांब्यावर हिरवा थर, हे सगळं कंडेन्सेटकडे बोट दाखवतंय. हे पाणी साधं नसतं, आम्ल असतं, पीएच साधारण ३ ते ४. फिश टँकच्या दुकानात किंवा ऑनलाइन पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात, थोडे थेंब धुतलेल्या कपात धरा आणि एक पट्टी त्यात, एक नळाच्या पाण्यात बुडवा. रेडिंगचं नळाचं पाणी चुन्याचं, जड, तिथली पट्टी सातच्या वर जाईल. कपातली पिवळट-केशरीकडे झुकली तर दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा.

पाणी तयार होणं यात बिघाड नाही, उलट तेच हवंय. गॅस जळताना जी वाफ होते ती जुने बॉयलर तशीच बाहेर सोडायचे, कंडेन्सिंग बॉयलर तिला थंड करून तिच्यातली उष्णता परत काढून घेतो, म्हणून तर इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून गॅसचे नवीन बॉयलर थोडे अपवाद सोडता याच प्रकारचे बसवावे लागतात. रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे नीट होतं, त्यामुळे ज्यांनी फ्लो टेंपरेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ८० वर ठेवलंय त्यांचा कंडेन्सिंग बॉयलर बराच वेळ कंडेन्स करतच नाही, तो ६० वर आणा, कंडेन्सेट वाढेल आणि बिल कमी होईल. फक्त ते पाणी गटारात गेलं पाहिजे, कपाटात नाही.

गळतं बहुतेक वेळा ट्रॅपपाशी. ट्रॅप गाळाने तुंबला, त्याच्या टोपणाचं रबर गेलं, किंवा त्यापुढचा प्लास्टिक पाइप नुसता खुपसून ठेवलाय, चिकटवलेलाच नाही. हे सोपं आहे. पण पाणी वरून, धुराड्याच्या जोडापासून ओघळत येत असेल तर प्रकरण गंभीर, कारण ज्या फटीतून पाणी येतं त्याच फटीतून जळलेला वायूही येऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. बॉयलरच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओघळाचा डाग आहे का टॉर्च मारून बघा, कव्हर उघडू नका, बऱ्याच बॉयलरचं कव्हर हाच आतल्या ज्वाळेचा सीलबंद दरवाजा असतो आणि तो उघडायचा अधिकार फक्त गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नाव असलेल्या माणसाला.

आता एजंट. गरम पाण्याची आणि हीटिंगची व्यवस्था दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम ११. दर वर्षी गॅस सेफ्टी चेक करून त्याची प्रत तुम्हाला देणं हेही कायद्याने आहे. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावाच लागतो. फोनवर बोलू नका, मेल करा, पट्ट्यांचा फोटो जोडा, आणि शेवटच्या गॅस चेकची प्रत मागा, बघा किती पटकन माणूस येतो. अलार्म वाजला, किंवा घरात डोकं दुखतंय आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय असं झालं, तर मेल-बिल राहू द्या, बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर आणि गॅसच्या इमर्जन्सी नंबरला, ०८०० १११ ९९९ ला, फोन.

प्रश्न : मी मुलाकडे अ‍ॅबरडीनला आलेय. मागच्या आठवड्यात बर्फ पडला त्या सकाळी बॉयलर गुडगुड गुडगुड करत बंद पडला, मुलगा-सून दोघं ऑफिसला. संध्याकाळी मुलाने बाहेर काहीतरी केलं आणि चालू झाला. परत झालं तर मी काय करू? आणि पुण्याला आपला गिझर बरा नव्हता का!
— एक आजी

उत्तर : काकू, गिझरला बर्फ बघावा लागत नाही म्हणून तो बरा! झालं असं, कंडेन्सेटचा प्लास्टिक पाइप भिंतीबाहेरून जात असेल तर कडाक्याच्या थंडीत त्यातलं पाणी गोठतं, मागून येणारं पाणी तुंबून बॉयलरमध्ये चढतं, गुडगुडतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. २०१० च्या डिसेंबरात इकडे असे ढिगाने बॉयलर एकदम बंद पडले होते. मुलाने पाइपावर गरम पाणी ओतलं असणार. उकळतं नाही, किटली बंद करून थोडा वेळ थांबून मग, आणि पाइपाचं खालचं तोंड आणि वळणं आधी, बर्फ तिथेच अडकतो. गरम पाण्याची रबरी पिशवी टेकवून ठेवली तरी चालतं. मोकळा झाला की रीसेट बटण. पण तुम्ही एकट्या असाल तर बाहेर जाऊच नका, पाइप उंचावर असेल तर मुळीच नाही, आणि ओतलेलं पाणी दहा मिनिटांत पायरीवर काच होऊन बसतं, त्यावर मीठ टाकायला मुलालाही सांगा. स्वेटर घाला, इलेक्ट्रिक हीटर लावा, संध्याकाळपर्यंत थांबा.

मुलासाठी : बाहेरचा पाइप बारीक, २२ मिलिमीटरचा असेल तर ३२ चा करून घे, मीटरला निदान ४५ मिलिमीटर उतार दे, वॉटरप्रूफ इन्सुलेशन घाल. बाहेरची लांबी जेवढी कमी तेवढं बरं, शक्य असेल तर घरातल्या घरातच वेस्टला जोड. दर वर्षी आईला किटली घेऊन उभं करण्यापेक्षा एका दिवसाचं काम आहे.

प्रश्न : मुख्य हीट एक्स्चेंजर गेलाय, नऊ वर्षांचा बॉयलर, दुरुस्त करू का नवा घेऊ?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : आधी वॉरंटी बघा, काही मॉडेलना दहा वर्षांची असते, मात्र दर वर्षीच्या सर्व्हिसची नोंद नसेल तर कंपनी हात वर करते. वॉरंटी नसेल तर हा पार्ट आणि लेबर मिळून इतका खर्च येतो की नऊ वर्षांच्या बॉयलरवर मी तो करणार नाही. पण तो का गेला ते बघितल्याशिवाय नवा बसवू नका. कुठल्याही रेडिएटरमधून कपभर पाणी काढा, काळं निघालं तर सिस्टीम धुऊन, इनहिबिटर घालून, रिटर्नवर मॅग्नेटिक फिल्टर लावून मगच नवा जोडायचा, नाहीतर तोच गाळ नव्या बॉयलरच्या पोटात जाईल. कोटेशनमध्ये हे तिन्ही वेगळे लिहून मागा. आणि येईल त्याचं गॅस सेफ कार्ड पलटून मागची बाजू वाचा, तिथे त्याला कुठली कामं करायची परवानगी आहे ते छापलेलं असतं, बॉयलर त्यात नसेल तर चहा पाजून परत पाठवा.